काय काम काढलंत?

'भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र कोठे आहे?' या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक पोराने एकदा तरी लिहिलेलं असतं. 'जोड्या लावा'त कोयनेसमोर जलविद्युत, चंद्रपूरसमोर औष्णिक आणि तारापूरसमोर अणू. रेघ सरळ आली तर एक गुण. तो गुण पदरात पडला की तारापूरचं आपल्या आयुष्यातलं काम संपतं. पुढे हाच पोरगा मोठा होतो, लग्न करतो, सिंगापूरला जातो, दुबईत वाळूत गाडी उडवून घेतो, स्वित्झर्लंडला बर्फात बायकोचा फोटो काढतो. पण 'परवा तारापूर बघून आलो' असं म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. तिथे नोकरीला असलेले पुष्कळ भेटले. ते बघून आलेले नसतात, ते तिथून आलेले असतात.

मी ठाण्याचा. म्हणजे 1 ऑगस्ट 2014 पर्यंत तारापूर, बोईसर, पालघर, डहाणू हे सगळं कागदोपत्री आमचंच होतं. 2011 च्या जनगणनेत देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा म्हणून ठाण्याचं नाव आलं, तेव्हा आमच्या नाक्यावर काही लोकांनी त्याचाही अभिमान बाळगला होता. मग जिल्हा फुटला, पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला आणि काय काय हातचं गेलं याची यादी मी पेपरात वाचली. समुद्रकिनारे, किल्ले, वारली चित्रकला, घोलवडचे चिकू, बहाडोलीची जांभळं, अणुभट्टी. एवढं सगळं आपल्याकडे होतं हे कळायला ते जावं लागलं.

तरी मी गेलो नसतो. पण आमच्या सोसायटीतले एक काका-काकू तुर्कस्तानला जाऊन आले आणि त्यांनी त्यांच्या हॉलमध्ये आम्हाला बसवून टीव्हीवर फोटो दाखवले. कॅपाडोकियाचे फुगे, फुग्यात काकू, फुग्यातून दिसणारे दुसरे फुगे, मशीद, गालिचा, गालिच्यावर काका. मला उगीच हुक्की आली आणि मी विचारलं, "इस्केंदेरूनला नाही गेलात?"

"तिथे काय आहे?" काकू म्हणाल्या.

"पोलादाचा मोठा कारखाना आहे. बंदर आहे."

काकूंनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "टूरमध्ये नव्हतं," काका म्हणाले, आणि पुढचा फुगा लावला.

त्याच किनाऱ्याला, मेर्सिन प्रांतात, अक्कुयू इथे तुर्कस्तानचं पहिलं अणुविद्युत केंद्र रशियाच्या मदतीने उभं राहतंय, हे मी सांगणार होतो. पण भेळ आली. आणखी काही वर्षांनी तुर्की पोरंही 'जोड्या लावा'मध्ये अक्कुयूसमोर रेघ ओढतील आणि मग सुट्टीत दुसरीकडे जातील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पोलाद, अणुभट्टी, बंदर आणि मासे एका किनाऱ्यावर बघायचे तर त्यासाठी व्हिसा काढायची गरज नाही, हे मात्र भेळ खाताना लख्ख दिसलं. बायकोला म्हटलं, बोईसरला जाऊन राहून येतो. ती म्हणाली, "तिथे काय आहे?" हा प्रश्न तुर्कस्तानातला आणि आपल्याकडचा एकच आहे.

विरारच्या पुढे लोकल गेली 2013 साली. त्याआधी शटल होती, आणि जुनी माणसं अजूनही लोकलला शटलच म्हणतात. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर. वैतरणेच्या पुलावर गाडी आली की दोन्ही बाजूंना खाडी एवढी ऐसपैस पसरते की माणसाने निदान मान वळवावी. डब्यात मान वळवणारा मी एकटा. बाकीचे चौघे मांडीवर बॅग आडवी टाकून पत्ते खेळत होते आणि इतर झोपले होते. समोरच्या गृहस्थांना माझं खिडकीबाहेर बघणं बराच वेळ सहन झालं नाही.

"कुठल्या कंपनीत?"

"कुठल्याच नाही."

"इंटरव्ह्यू?"

"या वयात?"

"मग ऑडिट," ते शेजाऱ्याला म्हणाले. मी म्हटलं, ऑडिट नाही, असाच चाललोय, बोईसर बघायला. त्यांनी पत्ते खाली ठेवले. आवाज उतरवून विचारलं, "कुणी ॲडमिट आहे का?"

पुढचा सगळा मुक्काम मी या एका प्रश्नाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या ऐकत काढला. केरळात, गोव्यात, महाबळेश्वरात परका माणूस म्हणजे पाहुणा, ही गोष्ट गृहीत असते. त्याला स्ट्रॉबेरी विकायची असते. बोईसरला कुणाला तुम्हाला काही विकायचं नसतं, कारण तुम्ही काहीतरी घ्यायलाच आलेला आहात अशी खात्री असते. माल, ऑर्डर, नोकरी, प्लॉट किंवा नमुना. हात हलवत आलेला माणूस इथे कुठल्याच रकान्यात बसत नाही.

स्टेशनबाहेर शेअर रिक्षांची रांग आहे. मागे तीन भरल्याशिवाय आणि पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून चौथा बसल्याशिवाय रिक्षा हलत नाही. "कौन सी कंपनी?" म्हटलं, तारापूर. "तारापूर मतलब? एमआयडीसी, के टॅप्स, के गाव?" इथे मला पहिल्यांदा कळलं की आपण शाळेत ज्या तारापूरसमोर रेघ ओढली ते एक गाव नसून तीन ठिकाणं आहेत आणि त्यांतलं एकही दुसऱ्याच्या शेजारी नाही. तारापूर औद्योगिक वसाहत आहे बोईसरला. तारापूर अणुविद्युत केंद्र आहे अक्करपट्टी-घिवलीच्या किनाऱ्याला. रेल्वे स्टेशन तारापूरला नाहीच. मग तारापूरला काय आहे? तारापूर गाव आहे. नाव देऊन टाकून ते आपलं निवांत बसलंय.

या बोईसरला उद्या बुलेट ट्रेन थांबणार आहे. मुंबई ते अहमदाबाद 508 किलोमीटर, बारा स्थानकं, त्यांतली महाराष्ट्रात चार: मुंबई, ठाणे, विरार आणि बोईसर. जपानी इंजिनिअरांच्या नकाशात बोईसर व्यवस्थित लिहिलेलं आहे, आपल्या टूरवाल्यांच्या नकाशात नाही. ती गाडी मुंबईहून बोईसरला डुलकी लागायच्या आत पोचेल. मग प्रवासी बाहेर येईल, रिक्षात बसेल आणि चौथा माणूस येईपर्यंत बसून राहील.

एमआयडीसीतून पायी हिंडायचं मी ठरवलं होतं. पायी हिंडणारा इथे दोनच प्रकारचा असतो: शिफ्ट सुटलेला किंवा काम सुटलेला. रस्त्यांना नावं असण्यापेक्षा प्लॉटना अक्षरं आणि आकडे आहेत, आणि दिशा नाकाने ओळखायची. एका वळणावर औषधांच्या गोळ्यांचा कडवट वास, पुढे कापड रंगवण्याचा ओला वास, त्यापुढे तापलेल्या लोखंडाचा, मग असा एक वास की ज्याला मराठीत विशेषण नाही आणि नसलेलंच बरं. स्थानिक माणसाला विचारलं की "कसला वास?" तर तो प्रामाणिकपणे नाक वर करून हुंगतो आणि म्हणतो, "कुठेय वास?"

पण याच पाट्या वाचत जाताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं. ल्युपिन. सियाराम. कॅम्लिन. हो, कॅम्लिनचा कारखानाही याच वसाहतीत आहे. म्हणजे ज्या शाईने, ज्या कंपासपेटीतल्या पट्टीने आपण परीक्षेत तारापूरसमोर रेघ ओढली, तिचा पत्ता कदाचित तारापूरच असेल. अंगातला शर्ट सियारामचा, रक्तदाबाची गोळी ल्युपिनची, घरातला दिवा थोडाफार अणुभट्टीचा आणि रविवारी ताटात सातपाटीचं पापलेट. मध्यमवर्गीय मराठी माणूस सकाळपासून रात्रीपर्यंत या पट्ट्यावर जगतो. फक्त तिथे जात नाही.

एका नाल्यापाशी मी थांबलो. पाण्याचा रंग कुठला ते ठरत नव्हतं, म्हणून वाकून पाहिलं. तेवढ्यात समोरच्या गेटातून दोघे जण लगबगीने आले. एकाच्या हातात चहाचा पेला होता आणि तो माझ्यासाठी होता. "साहेब, आत या ना. उन्हात कशाला?" मी म्हटलं, मी साहेब नाही. "मंडळाकडून नाही?" नाही. "लवादाकडून?" राष्ट्रीय हरित लवादाने 2022 साली इथल्या प्रदूषणाबद्दल कारखान्यांना कोट्यवधींच्या भरपाईचा आदेश दिला, तेव्हापासून नाल्यात डोकावणाऱ्या माणसाची इथे प्रतिष्ठा वाढलेली आहे. मी नुसताच बघतोय हे कळल्यावर त्यांचे चेहरे सैल झाले. चहा मात्र त्यांनी परत घेतला नाही, हे नोंदवून ठेवतो. चहा चांगला होता. पाण्याचा विचार मी केला नाही.

अणुविद्युत केंद्र हे या भागातलं एकमेव जगप्रसिद्ध स्थळ. ते बघता येत नाही. फोटो काढायचा नाही, थांबायचं नाही, आणि का थांबायचं नाही हेही विचारायचं नाही. गेटवरच्या बंदूकधारी जवानाने माझी चौकशी अत्यंत सभ्यपणे केली आणि तितक्याच सभ्यपणे मला रस्त्याची दुसरी बाजू दाखवली. त्याचं बरोबरच आहे. आयफेल टॉवरला जाऊन कोणी युरेनियम चोरत नाही.

पण गेटाबाहेर उभं राहूनही बघण्यासारखं आहे ते त्याचं वय. 1963 साली अमेरिकेशी करार, जनरल इलेक्ट्रिकच्या अणुभट्ट्या, आणि 1969 च्या ऑक्टोबरमध्ये वीज सुरू. माणूस चंद्रावर उतरला त्याच वर्षी. इंधन अमेरिकेहून यायचं. 1974 मध्ये आपण पोखरणला स्फोट केला आणि अमेरिकेने हात आखडता घेतला. मग फ्रान्सने दिलं, पुढे चीनने आणि रशियानेही. अणुभट्टी स्वदेशात, पण डबा नेहमी बाहेरचा, आणि डबेवाला सारखा बदलतोय. एमआयडीसीतल्या कुठल्याही कामगाराला ही अडचण समजावून सांगावी लागणार नाही. तिसरं आणि चौथं युनिट 2005-06 मध्ये सुरू झालं, ते पूर्ण देशी, प्रत्येकी 540 मेगावॅटचं. त्या दोघांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली आणि त्यांच्या पुनर्वसनाचं भांडण अणूच्या अर्धायुष्यासारखं संपता संपेना. दिवा आपल्या घरात लागला म्हणून हे इथे लिहिणं भाग आहे.

लॉजवर मॅनेजरने रजिस्टर पुढे सरकवलं. नाव, पत्ता, कुठून आलात, कुठे जाणार आणि 'येण्याचे कारण'. मी लिहिलं, 'पर्यटन'. मॅनेजरने रजिस्टर स्वतःकडे फिरवलं, वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

"साहेब, हे असं काही लिहू नका हो. पोलीस येतात चेकिंगला. इथे अणुशक्ती आहे. पर्यटनाला आलेला माणूस म्हटल्यावर पहिलं तुम्हालाच उठवतील."

"मग काय लिहू?"

"कंपनीचं काम."

"कुठल्या कंपनीचं?"

"ते कोणी विचारत नाही."

त्याने स्वतःच पर्यटन खोडून 'कं. काम' केलं आणि बाजूला सही मागितली. लॉजच्या खाली एका बाजूला इडलीवाला, दुसऱ्या बाजूला लिट्टी-चोखा, पलीकडे उडिया माणसाची खानावळ आणि कोपऱ्यावर वडापाव. साठ वर्षांत देशभरातले इंजिनिअर आणि मजूर इथे येऊन राहिले, त्याचा पुरावा जनगणनेपेक्षा या रस्त्यावर चांगला मिळतो. 2011 च्या जनगणनेच्या वेळी तर एवढ्या सगळ्यांचा कारभार एक ग्रामपंचायत पाहत होती. बुलेट ट्रेनचं स्टेशन असलेली ग्रामपंचायत जगात दुसरी कुठे झाली असती असं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी खऱ्या तारापूरला गेलो. गावात पोर्तुगीजांचा किल्ला आहे. जानेवारी 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने सुरुंग लावून त्याचा तट फोडला. त्या हल्ल्यात मराठ्यांचे सरदार बाजी भीमराव पडले. तारापूरनंतर त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. वसईच्या किल्ल्यात आता लग्नाआधीचे फोटो काढायला रांग लागते. तारापूरच्या तटाआड खासगी वाडी आहे. झाडांना पाणी घातलं जातं, पाला पडतो, पाला झाडला जातो. मला या किल्ल्याचं नशीब वसईपेक्षा बरं वाटलं. इथे निदान कोणी हवेत फेटा फेकत नाही.

खाडीपलीकडे चिंचणी. इथे काही ताम्रपट सापडले आणि त्यांतल्या एकाने मला बोईसरच्या सगळ्या रिक्षा विसरायला लावल्या. तो आहे इसवी सन 926 चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. त्या वेळी संजानसह या सगळ्या किनारपट्टीचा कारभार एका अरब अधिकाऱ्याकडे होता. ताम्रपटात त्याचं नाव संस्कृतात 'मधुमती' असं कोरलंय, म्हणजे महंमद. वाचून आधी वैजयंतीमाला आठवते, त्याला इलाज नाही. तर या मधुमतीने इथल्या दोन प्रवाहांवर विनामूल्य नावा ठेवल्या आणि आल्यागेल्यासाठी अन्नछत्र काढलं. साळीचा भात, कालवणं आणि तूप, सगळं फुकट. राष्ट्रकूटांचं राज्य, अरब कारभारी, त्याच ताम्रपटात देवीच्या मठाला दान. आणि प्रवाशाला 'येण्याचे कारण' विचारल्याचा उल्लेख कुठेही नाही. अकराशे वर्षांत या पट्ट्याची भरपूर प्रगती झाली, फक्त फुकट होडी बंद पडली आणि रजिस्टर सुरू झालं.

वरोरच्या बाजूला किनाऱ्यावर मी हात कपाळावर धरून समुद्र पाहत उभा होतो. जाळं विणत बसलेला एक म्हातारा बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. शेवटी उठून आला.

"सर्वेचे का?"

"नाही हो काका. असाच आलोय."

"असंच कोण येतं?"

थोडा उत्तरेला वाढवण. तिथल्या बंदराला इथले कोळी आणि बागायतदार 1990 च्या दशकापासून विरोध करत आले आहेत. 30 ऑगस्ट 2024 ला पालघरमध्ये पंतप्रधानांनी त्या बंदराची पायाभरणी केली. खर्चाचा आकडा 76 हजार कोटींच्या घरात. याशिवाय या जिल्ह्यातून मालगाड्यांचा वेगळा मार्ग गेला, बुलेट ट्रेन चालली आहे, मुंबई-वडोदरा द्रुतगती महामार्ग चालला आहे. प्रत्येक वेळी आधी एक शहरी कपड्यांतला माणूस आला, त्याने कपाळावर हात धरून लांबवर पाहिलं आणि काही दिवसांनी खुणेचे दगड बसले. या किनाऱ्यावर बघायला येणारा माणूस म्हणजे मोजायला येणारा माणूस. म्हाताऱ्याने माझ्या खिशाकडे, पिशवीकडे, चपलांकडे पाहिलं. टेप दिसली नाही. मग म्हणाला, "बसा मग." आम्ही बसलो. त्याला ठाण्याला त्याची पुतणी दिलेली होती, तिच्या घराचं भाडं किती असावं यावर आमचं बोलणं झालं. समुद्राचा विषय निघाला नाही.

पालघर शहरात मी फार थांबलो नाही. सिडकोने बांधलेलं जिल्हा मुख्यालय भव्य आहे, इतकं की आपलं काम नसल्याची लाज वाटते. "कुठलं टेबल?" असं शिपायाने विचारताच मी मागे फिरलो. 14 ऑगस्ट 1942 ला इथे इंग्रजांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, त्यांच्या स्मारकाला वळसा घालून बस, टेम्पो, रिक्षा जात राहतात. तिथे मात्र मी थोडा वेळ उभा राहिलो आणि मला कोणी काही विचारलं नाही.

मग सातपाटी. 2023 साली सरकारने रुपेरी पापलेटला राज्यमासा केलं. सातपाटीच्या लोकांना हे आधीपासून माहीत होतं, सरकारला कळायला वेळ लागला. पापलेट कमी होत चाललं, कोवळी पिल्लं जाळ्यात येऊ लागली, म्हणून हा मान. आपल्याकडे मोठेपणा असाच मिळतो, प्रकृती खालावल्यावर. बंदरावर पाटीपुढे बसलेल्या मावशींना मी विचारलं, "हे ताजं आहे का?" सातपाटीत उभं राहून हा प्रश्न विचारणं म्हणजे पंढरपुरात 'विठ्ठल इथेच असतो का' असं विचारणं. मावशींनी उत्तर दिलं नाही. त्यांनी पापलेटाचा कल्ला उघडून माझ्या डोळ्यांपुढे धरला आणि तसाच धरून ठेवला. मी पैसे काढले.

परतीच्या गाडीत पिशवीतून बर्फाचं पाणी ठिबकत होतं. समोर पत्ते चालू होते. एकाने वर पाहिलं. "कुठल्या कंपनीत?"

"सातपाटीला गेलो होतो. पापलेट आणायला."

एकदम सगळं सोपं झालं. तो सरकला, शेजारच्याला सरकवलं आणि मला चौथी सीट मिळाली.

"केवढ्याला दिलं?"

मी आकडा सांगितला. पत्ते मिटले गेले. एक म्हणाला, महाग. दुसरा म्हणाला, आजच्या भरतीला बरोबर आहे. तिसऱ्याने पिशवी उघडायला लावली, वजनाचा अंदाज केला आणि दोघांनाही काही कळत नाही असं जाहीर केलं. सफाळ्याला चढलेल्या भाजीवाल्या मावशीने उभ्याउभ्याच आपला वेगळा आकडा सांगितला. वैतरणेच्या पुलावर एकानेही मान वळवली नाही. त्यात मीही होतो, कारण मला माझ्या आकड्याचं समर्थन करायचं होतं. विरार आलं तेव्हा भाव अजून ठरायचा होता.